बायरनं सी-टीपॅटची एक्सेल पाठवलीय? शिरोली-गोकुळ शिरगावच्या नव्या एक्सपोर्टरसाठी एईओची पहिली पायरी

अमेरिकेच्या बायरकडनं ऑर्डर पक्की व्हायच्या टायमाला एक एक्सेल येते. ड्रॉइंग झालेलं असतं, सॅम्पल पास झालेलं असतं, रेट ठरलेला असतो, आणि मग ही सी-टीपॅटची, म्हणजे अमेरिकेच्या कस्टम्सच्या सुरक्षा योजनेची, एक्सेल: तुमच्या कंपाउंडला भिंत आहे का, कंटेनरला सील कोण मारतो, माणूस कामावर घेताना त्याची चौकशी करता का, कॉम्प्युटरचे पासवर्ड कधी बदलता. मालक म्हणतो आपण पंप बॉडी विकतोय का सोनं. मग एक्सेल जाते अकाउंटंटकडं, तो सगळ्या रकान्यात 'येस' लिहून पाठवून देतो आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटतं. मिटत नाही, कारण त्या 'येस'चा पुरावा मागणारी मेल नंतर येतेच, कधी सहा महिन्यांनी, कधी डायरेक्ट ऑडिटरच दारात.

म्हणून ज्यांनी नुकतंच एक्सपोर्ट सुरू केलंय, फाउंड्री असू दे, मशीन शॉप असू दे, इचलकरंजीचं कापड असू दे नाहीतर चप्पल, त्यांच्यासाठी हे लिहितोय: ही एक्सेल कशासाठी येते आणि आपल्या कस्टम्सची एईओ ही मान्यता कशी मिळवायची.

आधी हा प्रकार काय आहे

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या कस्टम्सला धडकी भरली की हे लाखो कंटेनर येतात त्यात कोण काय घालून पाठवतंय आपल्याला कुठं माहितीये. प्रत्येक पेटी उघडून बघायची म्हटलं तर बंदरंच बंद पडतील. म्हणून नोव्हेंबर २००१ मध्ये त्यांनी सात मोठ्या आयातदारांना सोबत घेऊन सी-टीपॅट काढलं, म्हणजे कस्टम्स ट्रेड पार्टनरशिप अगेन्स्ट टेररिझम. सौदा साधा होता: तुम्ही तुमच्या कारखान्यापासून आमच्या बंदरापर्यंतची साखळी नीट सांभाळा, आम्ही तुमचा माल कमी अडवतो. सक्ती नाही, ज्याला यायचं त्यानं यावं.

पुढं जून २००५ मध्ये जागतिक सीमाशुल्क संघटनेनं सेफ फ्रेमवर्क म्हणून एक सामायिक चौकट मंजूर केली आणि एकेक देश आपापली योजना काढत गेला. युरोपात २००८ पासून एईओ, सिंगापूरची वेगळी. आपल्याकडं २०११ ला पायलट झाला, आणि आज जे तीन टप्प्यांचं रूप आहे ते जुलै २०१६ च्या सर्क्युलरनं आलं, त्यात आधीची एसीपी (अॅक्रेडिटेड क्लायंट प्रोग्रॅम) योजना पण विलीन केली. एईओ म्हणजे ऑथराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर. चालवतं सीबीआयसी, म्हणजे केंद्राचं अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळ, आणि त्यातलं डायरेक्टरेट ऑफ इंटरनॅशनल कस्टम्स हे त्याचं मुख्य ऑफिस.

पहिली पायरी: तुमच्यासाठी नेमकं कुठलं ते ठरवा

इथंच निम्मी मंडळी फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा. सी-टीपॅटचं मेंबर कोण होऊ शकतं? अमेरिकेतला आयातदार, तिथला एक्सपोर्टर, कस्टम्स ब्रोकर, वाहतूकदार, आणि कारखानदार म्हणाल तर फक्त मेक्सिको आणि कॅनडाचे. कोल्हापूरचा कारखाना सी-टीपॅटचा मेंबर होऊच शकत नाही. तुमचा बायर मेंबर असतो, आणि त्याच्या साखळीतले सप्लायर अटी पाळतात की नाही हे त्याला बघावं लागतं, म्हणून ती एक्सेल तुमच्याकडं येते.

तरीपण 'सी-टीपॅट सर्टिफिकेट काढून देतो, इतके इतके हजार' म्हणून फोन येतात. ते देतात ते खासगी संस्थेच्या ऑडिटचा रिपोर्ट. तो कामाचा नाहीच असं नाही, काही बायर स्वतःच ठरावीक संस्थेचं ऑडिट मागतात, तेव्हा करून घ्यावंच लागतं. पण अमेरिकन सरकारचं सर्टिफिकेट म्हणून कोण विकत असेल तर चहा पाजा आणि घालवा. सरकारी योजनेला तर फीच नसते, ना त्यांच्या सी-टीपॅटला, ना आपल्या एईओला. कन्सल्टंटला पैसे द्यायचे तर ते त्याच्या मेहनतीचे, अर्जाचे नव्हेत.

तुमच्यासाठी आहे ती आपली एईओ. माल एक्सपोर्ट-इम्पोर्ट करणाऱ्याला टी-वन, टी-टू, टी-थ्री असे तीन टप्पे, आणि ट्रान्सपोर्टर, सीएचए (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट), गोडाऊनवाले, सीएफएसवाले (बंदराबाहेरचे कंटेनर डेपो) यांच्यासाठी एईओ-एलओ. सी-टीपॅटमध्ये पण टिअर वन-टू-थ्री असतात, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, बायरशी बोलताना गल्लत करू नका.

दुसरी पायरी: आपण बसतो का ते मोजा

नेहमीचा नियम असा की गेल्या आर्थिक वर्षात कस्टम्सची किमान २५ कागदपत्रं झालेली पाहिजेत, म्हणजे शिपिंग बिल (एक्सपोर्टचं) आणि बिल ऑफ एंट्री (इम्पोर्टचं) मिळून, आणि धंदा तीन वर्षं चालू पाहिजे. पण एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठी डिसेंबर २०२० च्या सर्क्युलरनं हे बरंच सैल केलं: वर्षात १० कागदपत्रं, त्यातली प्रत्येक सहामाहीत किमान ५, आणि धंदा दोन वर्षांचा. उद्यम रजिस्ट्रेशन चालू पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक युनिटचं काम याच दारातनं होतं.

आता गोम. ही कागदपत्रं तुमच्या आयईसीवर (इम्पोर्ट-एक्सपोर्ट कोडवर) झालेली पाहिजेत. आपल्याकडं खूप माल मुंबई-पुण्याच्या मर्चंट एक्सपोर्टरच्या नावावर जातो, कास्टिंग तुमचं, पॅकिंग तुमचं, पण शिपिंग बिलावर नाव त्याचं. तो माल तुमच्या हिशोबात धरला जात नाही. आइसगेटवर (कस्टम्सचं पोर्टल) लॉगिन करा किंवा सीएचएला सांगून वर्षाची यादी काढा, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन ढीग करा आणि मोजा. मोठ्या मोठ्या लॉटमध्ये माल पाठवणारा वर्षात नऊच शिपिंग बिलं करतो आणि एका आकड्यानं बाहेर राहतो, असंही होऊ शकतं. पुढच्या वर्षी अर्ज करायचा असेल तर हे आत्ताच डोक्यात ठेवा.

दुसरं म्हणजे नोटिसा. फसवणूक, खोटी कागदपत्रं, स्मगलिंग, लपवून माल बाहेर काढणं, किंवा जीएसटी गोळा करून भरलाच नाही, असल्या प्रकरणात नोटीस असेल तर पुढं जाऊ नका, आधी वकिलाकडं जा. साधा एचएसएन कोडचा (मालाच्या वर्गवारीचा) वाद वगैरे असेल तर सगळं संपलं असं नाही, पण अर्जात लपवू नका, त्यांच्याकडं सगळं दिसतं.

टी-वन: कागदाचं काम

टी-वनला कोण कारखाना बघायला येत नाही. सगळं कागदावर. पोर्टल आहे, एईओ इंडिया डॉट गव्ह डॉट इन, तिथं रजिस्टर करून अर्ज भरायचा. आयईसी, पॅन, जीएसटी, उद्यम, भागीदार नाहीतर डायरेक्टरची माहिती, ऑडिट झालेला ताळेबंद, सीएचं सॉल्व्हन्सीचं सर्टिफिकेट, आणि तुमच्या रेकॉर्ड ठेवायच्या पद्धतीबद्दल प्रश्न. अर्ज पूर्ण असेल तर एमएसएमईचं टी-वन १५ कामाच्या दिवसांत निकालात काढायचं असं ठरलेलंय. घोडं अडतं ते किरकोळ गोष्टीत. आयईसीवर जुना पत्ता, जीएसटीत नवीन, उद्यमवर तिसराच. पार्टनरशिपची प्रायव्हेट लिमिटेड केली आणि आयईसी तसाच ठेवला. हे आधी सरळ करा, एकाच आठवड्याचं काम असतं पण अर्जाच्या मध्ये निघालं की डेफिशियन्सीची (त्रुटीची) मेल, उत्तर, परत मेल असं चालू होतं.

मिळतं काय? माल तपासणीला कमी अडकतो, कारण कस्टम्सच्या रिस्क सिस्टीममध्ये तुमचं वजन बदलतं. फॅक्टरीत भरलेला कंटेनर सीएफएसला न थांबता थेट बंदरात नेता येतो, इम्पोर्ट असेल तर थेट बंदरातनं डिलिव्हरी. कस्टम्सला बँक गॅरंटी द्यावी लागते तिथं एमएसएमई टी-वनला नेहमीच्या २५ टक्के, टी-टूला १० टक्के, आणि टी-थ्रीला बहुतेक ठिकाणी माफ. ज्याची लिमिट बँकेत आधीच ताणलेली आहे त्याला हा फरक कळतो.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर नुसता एक्सपोर्ट करणाऱ्या छोट्या युनिटला टी-वनचा पैशातला फायदा फार मोठा नाही. जे कोक, स्क्रॅप, मशिनरी बाहेरनं आणतात त्यांना जास्त, आणि त्यांनी खरं तर टी-टूकडं नजर ठेवावी, कारण टी-टू आणि टी-थ्रीला ड्युटी नंतर भरायची सवलत आहे, माल आधी सोडवा, पैसे ठरलेल्या तारखेला. पण टी-वन फुकट आहे, आणि त्या निमित्तानं कागद एका जागी येतात. त्याशिवाय टी-टूला हात घालू नये असं मला वाटतं.

गेटवरचं आणि कंटेनरचं काम, इथं वेळ द्या

टी-टूला, आणि बायरच्या एक्सेललाही, खरी परीक्षा इथं असते. रिकामा कंटेनर गेटवर आला की काय होतं ते बघा. ट्रेलर जेएनपीटीकडनं (न्हावा शेवा बंदर) रात्रभर चालवून आलेला असतो, ड्रायव्हर कंटाळलेला, लोडिंगवाले घाई करतात, आणि वॉचमन रजिस्टरमध्ये गाडी नंबर लिहून गेट उघडतो. ड्रायव्हर म्हणणारच, "मामा, रिकामाच हाय की, काय बघायचंय त्यात." रिकामा आहे म्हणूनच बघायचाय. भरल्यावर काय दिसणार?

सात ठिकाणी बघायचं असतं, जगभर हेच सात: समोरची आतली भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, फरशी, छत, दरवाजे आतनं-बाहेरनं, आणि खालची चेसीकडची बाजू. टॉर्च, एक छोटी हातोडी आणि मेजर टेप, एवढंच सामान. आत जाऊन समोरच्या भिंतीवर ठोका, पत्र्याचा आवाज आला पाहिजे, भरीव किंवा वेगळा आवाज आला तर थांबा. मग टेप लावा. वीस फुटी कंटेनर आतनं साधारण ५.९ मीटर लांब असतो, दारापासून भिंतीपर्यंत मोजल्यावर वीतभर जरी कमी भरला तरी मागं खोटी भिंत असू शकते. फरशी एका पातळीत आहे का, नवीन प्लायवूडचा ठिगळ आहे का, छताला ताजा रंग किंवा ताजं वेल्डिंग आहे का. दार बंद करून आत उभं राहा, बाहेरचा उजेड दिसला तर भोक आहे आणि आपल्या मशीन केलेल्या कास्टिंगला समुद्राची हवा लागणार, म्हणजे या तपासणीत गंजाचा क्लेम पण वाचतो. दाराचे बिजागर आणि हँडलचे रिव्हेट बघा, रिव्हेट काढून बोल्ट घातलेला असेल तर सील न तोडता दार उघडता येतं, चोरांची ही जुनी पद्धत आहे. शेवटी कंटेनर नंबर, चार अक्षरं सात आकडे, दारावरचा आणि बाजूचा एकच आहे ना ते बघा.

याचा एक पानाचा फॉर्म करा, मराठीत करा, टिक करायला सात चौकोन, बघणाऱ्याची सही, वेळ, आणि मोबाईलवर फोटो. इंग्रजी फॉर्म ऑडिटरला छान दिसतो पण वॉचमन आणि लोडिंग सुपरवायझर तो न वाचताच टिक करतात, आणि ऑडिटर आला की तो मालकाला नाही, वॉचमनलाच विचारतो, "आप क्या चेक करते हो?" वॉचमननं टॉर्च उचलून दाखवलं की निम्मं ऑडिट झालं.

किडे, माती, चिखल, वाळलेला पाला पण बघायचा. मे २०१९ मध्ये अमेरिकेनं सी-टीपॅटच्या नवीन अटी जाहीर केल्या त्यात हे शेतीच्या सुरक्षेचं आणि कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं प्रकरण वाढवलंय. लाकडी पॅलेट असेल तर आयएसपीएम १५ चा शिक्का पाहिजे, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला सलग ३० मिनिटं तापवलेलं. शिक्का नसलेली एक फळी जरी टेकू म्हणून आत ठोकली तरी पलीकडच्या बंदरात सगळा कंटेनर अडकू शकतो, आणि आपले लोडिंगवाले शेडमागची मिळेल ती फळी ठोकण्यात पटाईत आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवा.

सील: आयएसओ १७७१२ चं हाय सिक्युरिटी बोल्ट सील, त्यावर 'एच' अक्षर असतं. फॅक्टरीत भरून स्वतः सील मारायची परवानगी घेतलेली असेल तर २०१७ पासून आरएफआयडीचं (चिप असलेलं) ई-सील लागतं, त्याचा नंबर शिपिंग बिलाशी जोडला जातो. सील कुलपात ठेवा, रजिस्टर ठेवा, कुठला नंबर कुठल्या कंटेनरला. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सीलांचा पुडका पडलेला ऑडिटरला दिसला की तुमच्या पुढच्या सगळ्या उत्तरांवर त्याचा विश्वास उडतो. मारल्यावर चार गोष्टी करायच्या: नीट बघा, नंबर कागदाशी ताडून बघा, जोरात ओढा, पिळून बघा. ड्रायव्हरच्या हातात सील देऊन "तू मार वाटेत" असलं काही चालत नाही.

मग रस्ता. कोल्हापूर ते न्हावा शेवा म्हणजे पावणेचारशे-चारशे किलोमीटर, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे टोलनाके, मध्ये जेवणाचे ढाबे. कोण रात्रभर जागून बघा म्हणत नाही. पण गाडी किती वाजता सुटली, बंदराच्या गेटला किती वाजता लागली, मध्ये सात तास जास्त लागले तर कुणी फोन करून कारण लिहून ठेवलं का, एवढं पाहिजे. ट्रान्सपोर्टरच्या जीपीएसची लिंक मागा, आणि गाडी सुटल्याचा मेसेज सीएचएला पाठवताना सील नंबरचा फोटो सोबत टाका.

चप्पल, गूळ, कापड थोडं थोडं पाठवणाऱ्यांचा कंटेनर सीएफएसला दुसऱ्यांच्या मालाबरोबर भरला जातो, त्यांना सात ठिकाणांचं बघायची गरज नाही. त्यांनी पेट्यांची मोजणी, पेटीवर आपली छापील टेप, आणि टेम्पो कारखान्यातनं निघताना व सीएफएसला उतरताना पेट्या तेवढ्याच आहेत याची सही, यावर भर द्यावा.

माणसं, कॉम्प्युटर, पार्टनर

माणसांचं थोडक्यात: आधार, फोटो, आधीच्या ठिकाणी एक फोन, आणि पॅकिंग-लोडिंगला ठेकेदाराची माणसं असतील तर त्यांची यादी ठेकेदाराकडनं लेखी घ्या, कारण रोज बदलणारी माणसं नेमकी कंटेनरजवळच असतात. सोडून गेलेल्याचं ओळखपत्र, चावी, ईमेल त्याच दिवशी बंद. कॉम्प्युटरला प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, बॅकअप बाहेर. डिस्पॅचच्या एकाच कॉम्प्युटरवर चौघं एका पासवर्डनं बसतात आणि तो पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, तो आज काढा. सीसीटीव्ही असेल तर घड्याळ बरोबर करून घ्या आणि लोडिंगच्या जागेवर एक कॅमेरा फिरवा, सगळे कॅमेरे ऑफिसच्या दारावरच असतात.

ट्रान्सपोर्टर, फॉरवर्डर, सीएचए यांना पत्र पाठवून विचारा की तुम्ही एईओ-एलओ आहात का. नसतील तरी बिघडत नाही, पण सुरक्षेच्या अटी मान्य असल्याची सही घ्या.

टी-टू आणि अमेरिकेचा फायदा

टी-टूला अधिकारी प्रत्यक्ष येतात. साइट प्लॅन, प्रोसेस मॅप, सुरक्षेचं स्वतःचं मूल्यमापन असं सगळं आधी द्यावं लागतं, आणि एमएसएमईला तीन महिन्यांत निकाल द्यायचा असं ठरलंय. प्रोसेस मॅप म्हणजे घाबरू नका, ऑर्डर आल्यापासून माल बोटीवर चढेपर्यंत कुठला कागद कुणाच्या हातात जातो ते बाण काढून दाखवायचं. पण खरं जे होतं तेच काढा. छापील मॅपमध्ये 'क्वालिटी इन्चार्ज सील मारतो' लिहिलं आणि प्रत्यक्षात स्टोअरचा पोरगा मारतो, हे अधिकाऱ्याला पंधरा मिनिटांत कळतं. बघायला येण्याआधी किमान तीन-चार महिन्यांची भरलेली रजिस्टरं असू देत, एका रात्रीत एकाच पेनानं भरलेलं रजिस्टर लपत नाही.

टी-टू घ्यायचं मोठं कारण म्हणजे परस्पर मान्यता, म्हणजे एका देशाचं एईओ दुसऱ्या देशाच्या कस्टम्सनंही मानणं. भारतानं दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग यांच्याशी असे करार केलेत, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेशी. त्यात टी-टू आणि टी-थ्रीच धरतात, टी-वन नाही. म्हणजे ज्या बायरच्या एक्सेलपासून सुरुवात झाली त्याला तुम्ही टी-टूचा नंबर देऊ शकता, आणि भारतीय कस्टम्सनं तपासलेला सप्लायर म्हणून त्याचं तुमच्याकडचं काम बरंच हलकं होतं. टी-वनच्या जोरावर बायरला 'आम्हाला सी-टीपॅटची मान्यता आहे' असं लिहू नका, त्यांच्या माणसांना हा फरक माहिती असतो. टी-थ्रीची घाई नको, त्याला टी-टूची दोन वर्षं व्हावी लागतात किंवा सगळे धंद्यातले पार्टनर एईओ असावे लागतात.

टी-टू तीन वर्षांचं असतं. टी-वनला आता परत अर्ज करायला लागत नाही पण दरवर्षी पोर्टलवर सेल्फ डिक्लरेशन भरायचं असतं, ते कॅलेंडरमध्ये मालक आणि डिस्पॅचवाला दोघांच्या नावानं टाका. पत्ता, पार्टनर, बँक, नवीन शेड, काही बदललं की पोर्टलवर लगेच कळवा, आणि अर्जात दिलेला ईमेल सोडून गेलेल्या अकाउंटंटचा नको, कंपनीच्या नावाचा असू दे.